पेटीचं पाणी

लातूरच्या एका महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात, पहिल्या मजल्यावर, उत्तरेकडच्या खिडकीखाली एक काचेची पेटी होती. चार फूट लांब, दोन फूट रुंद, अडीच फूट उंच. सागवानी चौकट, वर सरकतं काचेचं झाकण. १ ऑगस्ट १९८३ रोजी तिच्यात पहिल्यांदा पाणी घातलं गेलं आणि २२ एप्रिल २०१६ रोजी ती मेलेली आढळली. मधल्या काळात तिचं पाणी एकदाही चुकलं नव्हतं. शेवटचे चार दिवसही चुकलं नाही.

लातूर जिल्हा झाला १५ ऑगस्ट १९८२ला. पुढच्या वर्षी नव्या जिल्ह्याच्या पहिल्या वाढदिवसाला प्रदर्शन भरायचं होतं आणि प्रत्येक शाळा-कॉलेजानं काहीतरी मांडायचं होतं. बहुतेकांनी जिल्ह्याचे नकाशे रंगवले, डाळींचे आणि करडईचे नमुने बाटल्यांत भरले. प्राणिशास्त्राचे प्राध्यापक गुरुबसप्पा हुडगे यांनी वेगळं ठरवलं. "जिल्ह्यात जे आहे ते लोक रोजच बघतात. जे नाही ते दाखवू," ते म्हणाले. मे महिन्यात विद्यार्थ्यांची सहल आंबोलीला गेली होती. तिथून त्यांनी दोन पोती पालापाचोळ्याची माती, नेचे, शेवाळ आणि एक कुजकी फांदी आणली होती. फांदीत तिळाएवढ्या काळसर मुंग्यांचं वारूळ होतं. गंजगोलाईच्या बाजारातल्या एका कापड दुकानाचा मोडीत निघालेला शोकेस त्यांनी मिळवला आणि प्रयोगशाळा सेवक व्यंकटी सोनकांबळे यांना तो पाणी गळणार नाही असा सांधायला लावला.

सोनकांबळे तेव्हा एकोणतीस वर्षांचे होते. चाकूरजवळच्या खेड्यातून आलेले, दहावी पास, नोकरीत चार वर्षं झालेली. त्यांनी तळाला विटांचे तुकडे टाकले, त्यावर कोळसा, त्यावर माती. बारा दिवस लागले. प्रदर्शनात पेटीपुढे रांग लागली. प्रदर्शन संपलं, नकाशे रद्दीत गेले, डाळी उंदरांनी खाल्ल्या. पेटी राहिली.

ती राहिली कारण तिच्या आतलं गणित जमलं होतं. गळलेलं पान किडे खायचे. त्यांच्या घाणीवर बुरशी यायची. बुरशी खायला टाचणीच्या टोकाएवढे पांढरे, उड्या मारणारे किडे होते. सोनकांबळे त्यांना राळे म्हणायचे, कारण ते राळ्याच्या दाण्यांसारखे दिसायचे. मेलेले राळे मुंग्या न्यायच्या. मुंग्यांची ही जात अशी होती की वारुळात एक राणी नसते, वीस-पंचवीस असतात. एक मेली तरी घर मोडत नाही. हात लागला की गोळी होणारे करडे किडे होते, शिरीषाच्या बीएवढ्या गोगलगायी होत्या, वाणी म्हणतात त्या पुष्कळ पायांच्या किड्याची एक जात होती. आठवड्यातून एकदा चिमूटभर गूळ आणि मेलेल्या माश्या. बाकी बाहेरून लागायचं ते पाणी. हिवाळ्यात दीडशे मिली, उन्हाळ्यात तीनशे. पेटी बरी असली की सकाळी काचेला आतून घाम यायचा. सोनकांबळे विभागाचं कुलूप काढून आधी काच बघायचे, मग दिवे लावायचे.

हुडगे सर नोंदीचे पक्के. त्यांनी स्वतः पट्टीनं रेघा मारून नोंदवही आखून दिली. दिनांक, वेळ, तापमान, पाणी, हात, शेरा. 'हात' म्हणजे काम कुणी केलं ते. त्या रकान्यात रोज दोनच अक्षरं पडायची: व्यं. सो. सुट्टीच्या दिवशीही. अशा चौदा वह्या भरल्या होत्या.

पेटीचं पाणी सोनकांबळ्यांकडे कसं आलं, हेही सांगायला हवं. १९७९ साली नोकरीच्या पहिल्या दिवशी विभागातली कामं वाटून देण्यात आली. प्राध्यापकांच्या खोलीत तिवईवर माठ होता. "पाण्याचं शरणप्पा बघंल. तू नमुने बघ," असं सोनकांबळ्यांना सांगण्यात आलं. शरणप्पा हा दुसरा शिपाई. माठाला हात लावू नको असं कुणी कधी म्हटलं नाही. म्हणायची वेळच येऊ दिली नाही. पुढे पेटी आली, तेव्हा सरांनी पाण्याचं काम म्हणून तीही शरणप्पाला सांगितली. शरणप्पा झाकण उघडून आत बघून मागं सरला. "किड्यामुंग्यायचं पाणी माझ्याच्यानं व्हणार न्हाई सर. त्याला व्यंकटीच बरा." विभागातले सगळे हसले. सोनकांबळेही हसले. त्या इमारतीत त्यांच्या हातचं पाणी चालणारी तेवढी एकच जागा होती, आणि ती त्यांनी सोडली नाही. पुढे माठ गेला, गाळणयंत्र आलं, ज्यानं-त्यानं आपलं पाणी आपण घ्यायचं असं झालं आणि विषय संपला असं धरून चालण्यात आलं.

किल्लारीच्या भूकंपात पेटीची एक काच तडकली. त्या सकाळी मुंग्या आपले पांढरे कोश तोंडात धरून दुसऱ्या टोकाला नेत होत्या. सोनकांबळ्यांनी तड्यात मेण भरलं, वरून पट्टी लावली आणि मग घरी जाऊन स्वतःच्या पडलेल्या भिंतीकडे बघितलं. हुडगे सरांनी पेटीवर विज्ञानाच्या एका मासिकात लेख लिहिला. त्यात 'प्रयोगशाळा सेवकाच्या मदतीने' एवढा उल्लेख होता. सर २००० साली निवृत्त झाले, सोनकांबळे २०१४ साली. सर कॉलेजसमोरच राहत होते, त्यांच्याकडे विभागाची एक किल्ली राहिली. सोनकांबळ्यांना नव्या विभागप्रमुख शिवकांता मॅडमनी दुसरी दिली. "काका, तुम्ही येत जा. मला त्यातलं काही कळत नाही. तुम्ही न्हाई आलात तर मला ती बाहेर काढावी लागंल," त्या म्हणाल्या. सोनकांबळे येत राहिले.

२०१६ साली कॉलेजची कूपनलिका फेब्रुवारीतच आटली. शहराच्या नळाला पाणी येणं त्याआधीच बंद झालं होतं. टँकर दहा दिवसांनी यायचा, घराला दोनशे लिटर द्यायचा. पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी होती. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पाण्याची रेल्वे आली आणि लोक ती बघायला गेले, पण तिचं पाणी गल्लीत यायला वेळ होता. सोनकांबळे रोज घरून एक बाटली नेत होते. टँकरच्या पाण्यात जंतू मारायची पावडर असते आणि ती राळ्यांना चालत नाही, म्हणून पेटीचं पाणी दोन दिवस पातेल्यात उघडं ठेवायचं, वास गेला की बाटलीत भरायचं. ते पातेलं घरात वेगळं होतं.

त्या पातेल्यावरून घरात रोज बोलणं व्हायचं. त्यांची धाकटी लेक सिंधु नांदेडला दिलेली. पहिलं बाळंतपण. ते माहेरी व्हायचं असतं. पण दोनशे लिटरमध्ये बाळंतिणीचं होणार कसं, म्हणून सिंधुला आणायचंच नाही असं ठरलं होतं. ठरवलं होतं सोनकांबळ्यांनी.

"लेकीला आणायला पाणी न्हाई म्हणलात," सुमनबाई, त्यांची बायको, पातेल्यावर फडकं झाकताना म्हणायच्या, "अन् मुंग्यायला हाय."

"बाळंतिणीला रोजच्या चार घागरी लागतेत. हे भांडंभर हाय."

"भांडं कुनाचं हाय? माझं. त्याच्यात मी कवा कालवण करू?"

"पाऊस येऊस्तर थांब."

"पाऊस आल्यावर लेकरू काय पोटातच बसंल का?" त्या म्हणायच्या. मग जरा थांबून, "मुंग्यायला तरी सांगा, बाबा आजोबा व्हनार हाय म्हनावं. त्यायला साकर वाटा."

लेकीला नाही म्हटलं ते सोनकांबळ्यांना लागलं होतं. पण ती पेटी एकदा वाळली असती तर पुन्हा होण्यासारखी नव्हती. आंबोलीची माती परत आणता आली असती, बत्तीस वर्षं आणता आली नसती. जूनपर्यंत ती जगवायची, एवढंच त्यांनी मनात धरलं होतं. बाकी त्यांच्या हातात तसं फारसं काही राहिलं नव्हतं.

१७ एप्रिलला, रविवारी, नांदेडहून जावयाचा फोन आला. सिंधुला दवाखान्यात नेलं होतं. दोघांनीही जायचं ठरलं. सुमनबाई महिनाभर राहणार, सोनकांबळे शुक्रवारी परत येणार. मॅडम परीक्षेच्या कामाला औरंगाबादला गेलेल्या. राहिले हुडगे सर.

सोमवारी सकाळी साडेसातला सोनकांबळे सरांच्या दारात उभे राहिले. हातात लिटर-लिटरच्या दोन बाटल्या, बुचं घट्ट लावलेली. सर ओसरीत वर्तमानपत्र वाचत होते. वय शहात्तर, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची पेटी. अंगणातलं बेलाचं झाड फेब्रुवारीतच वाळलं होतं.

"ये व्यंकटी. काय, पोरीचं झालं का?"

"न्हाई सर, आजउद्या व्हईल. म्हनून तर निघालोय. शुक्रवारपर्यंत पेटीचं तेवढं..."

"अरे, माझीच पेटी आहे ती. तू जा बिनघोर."

"रोज तीनशे मिली. सकाळी आठच्या आत. हे पाणी दोन दिवस उघडं ठेवलेलं हाय, पावडरीचा वास गेलेला हाय. टँकरचं ताजं घालू नका. अन् सर, झाकण लगेच घट्ट लावायचं. फट ऱ्हायली की दुपारच्या झळीनं ओल उडून जाती."

"मला शिकवतोस का रे?" सर हसले. "नोंद करू की नको, तेही सांग."

"नोंद तर पायजेच सर."

सरांच्या पत्नी नीलाबाई आतून आल्या. त्यांनी बाटल्यांकडे बघितलं, मग आत स्वयंपाकघराकडे, मग अंगणाकडे.

"ठेव बाबा, तिथं ओट्यावर ठेव," त्या म्हणाल्या. "बस जाईल तुझी. पोरीला जप म्हणावं."

ओटा दाराबाहेर होता. सोनकांबळ्यांनी बाटल्या भिंतीच्या सावलीला ठेवल्या आणि ते बसस्थानकाकडे गेले.

सिंधुला मंगळवारी दुपारी मुलगी झाली. दोघीही नीट होत्या. जावयाच्या घरी तिसऱ्या दिवशी का होईना, नळ यायचा. सुमनबाईंनी पहिल्या दिवशी नळाखाली हात धरला आणि बराच वेळ काढलाच नाही. नातीला पहिली अंघोळ घातली तेव्हा त्या मोठ्यानं म्हणाल्या, "न्हा गं माय, भरपूर न्हा. तुझ्या आजोबाच्या गावात हे मुंग्यायलाच मिळतंय." घरातले हसले. सोनकांबळे बाहेर जाऊन बसले. त्यांनी रोज सकाळी आठला सरांना फोन केला. रोज सर म्हणाले, "घातलं, घातलं. काचेवर घाम आहे बघ. तू नातीकडं बघ." शुक्रवारी निघताना त्यांनी नांदेडच्या नळाच्या दोन बाटल्या भरून पिशवीत टाकल्या. सुमनबाईंनी ते बघितलं.

"आठवड्यात दुसरी खेप हाय ही," त्या म्हणाल्या. "आपल्या लेकीला कवा काय भरून आनलं व्हतं का असं?"

बस अहमदपूर, चाकूर करत साडेबाराला लातूरला पोचली. सोनकांबळे घरी न जाता थेट कॉलेजवर गेले. सुट्ट्या होत्या, जिन्यावर कुणी नव्हतं. विभागाचं दार उघडल्याबरोबर त्यांना वास आला. एकदम ओळखीचा वास होता आणि तरीही तो कसला हे कळायला त्यांना खिडकीपर्यंत जावं लागलं. कापूर.

काचेला घाम होता, सर म्हणाले तसा. आत काहीही हलत नव्हतं. शेवाळावर राख पडल्यासारखा पांढुरका थर होता. तळाशी, विटांच्या तुकड्यांत दोन बोटं गढूळ पाणी साचलेलं. त्यावर राळे तरंगत होते, दाट, पाखडलेल्या कोंड्यासारखे. गोळी होणारे किडे गोळी न होता उताणे पडले होते. मुंग्या फांदीजवळ नव्हत्या. त्या चारही बाजूंनी काचेवर चढून वर गेल्या होत्या आणि झाकणाच्या कडेला, जिथं फट असती तर बाहेर पडता आलं असतं तिथं, बोटभर जाडीनं एकावर एक मेल्या होत्या. पुष्कळींच्या तोंडात कोश होते. झाकण घट्ट लावलेलं होतं. सोनकांबळ्यांनीच सांगितलं होतं तसं.

त्यांनी झाकण काढलं. वास डोळ्यांत गेला. ते खुर्चीवर बसले आणि त्यांनी टेबलावरची पंधरावी वही उघडली. चार ओळी सरांच्या वळणदार अक्षरात होत्या. दिनांक १८, १९, २०, २१. वेळ ७.५०, ७.४५, ७.५०, ७.५०. पाणी ५०० मिली, चारही दिवस, पुढे कंसात 'पूजेचे'. हात: गु. हु. शेरा: काच ओली, पेटी उत्तम.

शुक्रवारची ओळ भरायची राहिली होती, कारण शुक्रवारी सोनकांबळे येणार हे सरांना माहीत होतं.

पावणेदोनला सर जिना चढून आले. सोनकांबळ्यांनी फोन करून फक्त "सर, या," एवढंच म्हटलं होतं. दारातून पेटीकडे बघूनच त्यांना कळलं. ते काचेशी वाकून बराच वेळ बघत राहिले, चष्मा काढून, परत लावून.

"ऊन," ते म्हणाले. "काल बेचाळीसच्या वर होतं."

"सर, वास येऊन राहिला न्हाई का तुमाला?"

सर काचेपासून मागं सरले.

"कापूर कुठून आला सर?"

मग सरांनी सांगितलं. लिंगपूजेचं पाणी मोरीत सोडत नाहीत, पायदळी जाऊ देत नाहीत. ते झाडाला घालायचं. इतकी वर्षं बेलाला घालत होते. बेल वाळला, शेजारच्यांची झाडंही गेली. तेव्हापासून नीलाबाई ते तांब्याच्या घंगाळात साठवत होत्या. साठलेल्या पाण्याला उन्हानं वास सुटू नये, डास होऊ नयेत, म्हणून त्या त्यात रोज कापराच्या वड्या चुरून टाकायच्या. विभूती तर त्यात असतेच.

"मी विचार केला," सर म्हणाले. वर्गात पायरी-पायरीनं समजावून सांगायचे तसं ते सांगत होते. "तुला काय पाहिजे होतं? पावडर उडालेलं पाणी. हे पाणी महिनाभर उघडं होतं. त्यात पावडर राहणं शक्य नाही. आणि ते घरात प्रश्नच होऊन बसलं होतं, कुठं घालावं. इथं माती आहे, झाडं आहेत, मुक्या जिवांच्या तोंडात जातं. याहून चांगली जागा कुठली? भरपूर होतं म्हणून तीनशेच्या जागी पाचशे घातलं."

"सर, घरोघरी साकरच्या डब्यापाशी बाया कापूर ठेवतेत. कामून ठेवतेत?"

सर खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. ते खाली बसले. "लक्षात नाही आलं," ते म्हणाले. "खरंच नाही आलं रे. मला त्यात कापूर कधी दिसलाच नाही. पूजेचं पाणी म्हटलं की ते शुद्धच."

बाहेर रस्त्यावरून टँकर गेला, मागं घागरींचा आवाज गेला. सोनकांबळ्यांनी वही पुढे ओढली, पेन काढलं. दिनांक २२. वेळ १२.५५. तापमान खिडकीतल्या तापमापकावर ३९. पाणी या रकान्यात त्यांनी रेघ मारली. हात या रकान्यात रेघ मारली. शेऱ्यात लिहिलं: सर्व मृत. कापूर.

सरांनी ते समोरून उलटं वाचलं.

"कापूर नको लिहूस," ते म्हणाले. "उष्णता लिही. खोटं नाही ते. ऊन आहेच की."

"ऊन तर दर साली हाय सर."

"व्यंकटी, मी शहात्तर वर्षांचा आहे. छत्तीस वर्षं कीटक शिकवले. लोक काय म्हणतील? हुडग्यानं कापूर घालून मुंग्या मारल्या? पोरं हसतील. आणि मागच्या चार ओळींतलं ते कंसातलं, तेही... ते पान तू नव्यानं लिहून काढ. तुझ्या अक्षरात. कोण बघतंय?"

"ह्या पंधरा वह्यांत एक पान फाडलेलं न्हाई. भूकंपाच्या दिवसाचंबी हाय. मी उशिरा आलो, साडेनऊला, ते लिवलेलं हाय."

"मी सांगतोय म्हणून."

सोनकांबळ्यांनी वही मिटली. "सर," ते म्हणाले, "माझं पाणी कमी पडलं का?"

"काय?"

"दोन बाटल्या दिल्या व्हत्या. दोन लिटर. चार दिवसाला बाराशे मिली लागते. ते संपलं म्हनून हे घातलं का?"

सरांनी खिडकीकडे बघितलं. "नाही, ते आहे की. घरी आहे."

"मंग?"

"अरे, ही म्हणाली, घरात कुठं ठेवायचं, सोवळ्याओवळ्याचं... तिचं वय झालंय, तिला काय बोलणार. मी म्हटलं, राहू दे, आपलं आहे की घरचं पाणी."

सोनकांबळे उठले, पेटीचं झाकण पूर्ण काढून भिंतीला टेकवून ठेवलं, खिडकी उघडली आणि वही पिशवीत घातली.

"वही विभागाची आहे," सर म्हणाले.

"मॅडम आल्या की त्यायच्या हातात देतो."

सर पुढे, सोनकांबळे मागे, असे दोघं रस्ता ओलांडून सरांच्या दारापर्यंत गेले. सरांना उन्हात एकट्यानं जिना उतरू देणं बरं नव्हतं. ओट्यावर दोन्ही बाटल्या होत्या, ठेवल्या होत्या तिथंच. सावली सकाळपुरतीच असते. चार दिवसांच्या उन्हानं प्लॅस्टिक मऊ पडून एक बाटली वाकली होती. बुचं तशीच घट्ट.

नीलाबाई दारात आल्या. सरांचा चेहरा बघून त्यांना वाटलं व्यंकटी पाण्याचा हिशेब विचारायला आला आहे. चोरीचे दिवस होते, लोक टाकीला कुलूप लावत होते.

"तुझ्या बाटल्या बघून घे बाबा," त्या घाईनं म्हणाल्या. "तशाच आहेत. कुणी हात लावला नाही त्यांना."

त्या खरं बोलत होत्या आणि चांगल्या मनानं बोलत होत्या. सर खाली बघत होते.

"हाव बाई," सोनकांबळे म्हणाले. "दिसून राहिलं." त्यांनी बाटल्या उचलल्या. पिशवीत नांदेडच्या दोन होत्याच.

सोमवारी स्थानिक वर्तमानपत्रात तिसऱ्या पानावर तीन रकान्यांची बातमी आली. मथळा होता: 'दुष्काळाने गिळले आंबोलीचे जंगल'. जिल्ह्याच्या पहिल्या वाढदिवशी प्रा. हुडगे यांनी उभारलेली आणि बत्तीस वर्षं जपलेली दुर्मीळ पेटी तीव्र उष्णता व पाणीटंचाईमुळे नष्ट झाली, असं त्यात होतं. सरांचं जुनं छायाचित्र होतं, पेटीशेजारी उभे असलेलं. एका वाक्यात 'निवृत्त सेवकाने शेवटपर्यंत मदत केली' असंही होतं. पाणी मिळालं नाही म्हणून पेटी गेली, हे शहरात सगळ्यांना लगेच पटलं. त्या महिन्यात लातूरमध्ये जे काही गेलं, ते पाणी नाही म्हणूनच गेलं होतं.

शिवकांता मॅडम बुधवारी आल्या. सोनकांबळ्यांनी पंधरावी वही त्यांच्या टेबलावर ठेवली आणि शेवटचं पान उघडून दिलं. त्यांनी वाचलं, कंस वाचला, शेरा वाचला, मग वर बघितलं.

"काका, पेपरात तर..."

"पेपरात हाय ते पेपरातलं. हे वहीतलं हाय."

"आता मी यावर काय लिहू?"

"काई लिवू नका. फकस्त फाडू नका."

मॅडमनी वही कपाटात ठेवली. कपाटाला कुलूप लागतं की नाही, हे सोनकांबळ्यांनी विचारलं नाही. त्यांनी आपली किल्ली टेबलावर ठेवली.

घरी आले तेव्हा सुमनबाईंचा नांदेडहून फोन आला. नात दूध पीत होती, सिंधु उठून बसत होती. शेवटी त्यांनी विचारलं, "अन् तुमच्या मुंग्या? बऱ्या हायत का?"

"गेल्या."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी टोमणा मारला नाही. "पानी कमी पडलं व्हय?" त्यांनी विचारलं.

"न्हाई," सोनकांबळे म्हणाले. "पाणी लई व्हतं."

टँकर यायला अजून दोन दिवस होते आणि घरच्या माठातलं पाणी तळाला गेलं होतं. त्यांनी ओट्यावरून आणलेली वाकलेली बाटली काढली, बूच पिळलं. सवयीनं आधी नाकाशी नेली. दोन दिवस उघडं ठेवलेलं, चार दिवस उन्हात तापलेलं पाणी. त्याला कसलाच वास नव्हता. त्यांनी ते माठात ओतलं.